जुन्या ब्राउझरमधल्या ‘अनडिफाइन्ड’ एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्या लॅपटॉपवर पान झकास चालतं, आणि वापरणाऱ्याच्या जुन्या मशिनवर नुसता पांढरा पडदा दिसतो. कन्सोल, म्हणजे ब्राउझरची एरर दाखवणारी खिडकी, उघडता आला, तर तिथे लाल अक्षरांत एकच ओळ असते: अमुक प्रॉपर्टी अनडिफाइन्डमधून वाचता येत नाही. अशा वेळी दिसेल तिथे एक तपासणी चिकटवून मोकळं व्हायचा मोह होतो. वस्तू का नाही हे न विचारता एरर गप्प केली, तर ती पुढे दुसऱ्या रूपात उभी राहते. म्हणून इथली बहुतेक उत्तरं कारणापाशी रेंगाळतात.

उदाहरणांत ग्राहक, पत्ता, शहर अशी नावं देवनागरीत आहेत. जावास्क्रिप्टला व्हेरिएबलची अशी नावं चालतात. टाइपऑफ, नल, व्हॉइड हे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र एडिटरमध्ये रोमन लिपीतच टाइप करायचे.

ही एरर नेमकी कधी येते?

ऑब्जेक्टमध्ये नसलेली प्रॉपर्टी वाचली तर जावास्क्रिप्ट काहीच तक्रार करत नाही, गुपचूप अनडिफाइन्ड, म्हणजे ‘किंमत नाही’ अशी खूण, देते. समजा ग्राहक हा ऑब्जेक्ट आहे, पण त्यात पत्ता नाही. तेव्हा

ग्राहक.पत्ता

ही ओळ बिनतक्रार चालते.

ग्राहक.पत्ता.शहर

इथे मात्र टाइपएरर येते, कारण आता आपण अनडिफाइन्डकडे शहर मागतो आहोत. संदेशात नाव शहराचं येतं, दोष असतो पत्त्याचा. नवशिके शहर कुठे हरवलं ते शोधत बसतात. नेहमी एक पायरी मागे जाऊन बघा.

प्रत्येक ब्राउझर हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत का सांगतो?

भाषेचं प्रमाणपत्रक, म्हणजे एक्मास्क्रिप्ट, एवढंच सांगतं की अशा वेळी टाइपएरर फेकायची. संदेशाचे शब्द काय असावेत हे ते ठरवत नाही. म्हणून जुना क्रोम म्हणतो ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टी शहर ऑफ अनडिफाइन्ड’, आणि २०२१पासूनचा क्रोम म्हणतो ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग शहर’. सफारीचा संदेश ‘अनडिफाइन्ड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट’ असा असतो आणि पुढे ती कुठलं पद वाचत होती तेही ती देते. फायरफॉक्स थेट ‘ग्राहक.पत्ता इज अनडिफाइन्ड’ असं सांगतो, म्हणजे दोषाच्या पायरीवरच बोट ठेवतो. शोधायच्या दृष्टीने मला हाच संदेश सर्वांत उपयोगी वाटतो.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ‘अनेबल टू गेट प्रॉपर्टी शहर ऑफ अनडिफाइन्ड ऑर नल रेफरन्स’ म्हणतो. आठव्या आवृत्तीत आणि त्याआधी ‘इज नल ऑर नॉट ॲन ऑब्जेक्ट’ असं येई. मेथडच नसेल तर ‘ऑब्जेक्ट डझन्ट सपोर्ट धिस प्रॉपर्टी ऑर मेथड’.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. लॉगमध्ये शोधताना एकाच वाक्यावर विसंबू नका. आणि संदेशाचे शब्द तपासून त्यावर निर्णय घेणारा कोड कधीही लिहू नका, पुढच्या आवृत्तीत शब्द बदलले की तो कोलमडतो.

‘नॉट डिफाइन्ड’ आणि ‘अनडिफाइन्ड’ एकच ना?

नाही. व्हेरिएबल कुठे घोषितच झालेलं नसेल तर रेफरन्सएरर येते, तीच ‘नॉट डिफाइन्ड’. घोषित आहे पण किंमत नाही, तर ते अनडिफाइन्ड. गोंधळ वाढवायला इंटरनेट एक्स्प्लोरर पहिल्या प्रकारालाही ‘इज अनडिफाइन्ड’ म्हणतो. अकराव्या आवृत्तीत फेच, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागवणारं नवं फंक्शन, वापरलंत तर ‘फेच इज अनडिफाइन्ड’ दिसेल, आणि ती रेफरन्सएरर असेल.

नाव अस्तित्वात आहे की नाही हे तपासायला टाइपऑफ हा सुरक्षित मार्ग. घोषित नसलेल्या नावावरही तो एरर न फेकता ‘अनडिफाइन्ड’ ही स्ट्रिंग देतो. अपवाद एकच: लेट किंवा कॉन्स्टने पुढे खाली घोषित होणारं नाव त्या ओळीच्या आधी टाइपऑफने विचारलं तर एरर येते.

नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही तपासावे लागतात का?

बहुतेक वेळा हो. ब्राउझरची डॉमची, म्हणजे पानावरचे घटक हाताळणारी, फंक्शनं ‘सापडलं नाही’ हे सांगायला बहुधा नल देतात. गेटएलिमेंटबायआयडी हे रोजचं उदाहरण. स्क्रिप्ट हेडमध्ये आहे आणि बटण अजून पानावर उतरलेलंच नाही, अशा वेळी नल हाती येतो. अनडिफाइन्ड येतो नसलेल्या प्रॉपर्टीतून, न दिलेल्या पॅरामीटरमधून आणि काही न परतवणाऱ्या फंक्शनमधून.

दोन्ही एका दमात तपासायला

ग्राहक.पत्ता == नल

हे दोन बरोबरचिन्हांचं रूप सर्वांत जुन्या ब्राउझरपासून चालतं. लिंटर, म्हणजे कोडमधल्या खोड्या दाखवणारं साधन, तीन चिन्हांचा आग्रह धरतो, तो इतरत्र योग्यच आहे. या एका जागी मात्र दोन चिन्हांचं रूप मुद्दाम वापरावं आणि लिंटरला तशी सूट द्यावी. एक चमत्कारिक अपवाद आहे: डॉक्युमेंट.ऑल. खराखुरा ऑब्जेक्ट असूनही टाइपऑफ त्याला ‘अनडिफाइन्ड’ म्हणतं आणि तो नलच्या बरोबरीचा ठरतो. जुनी पानं डॉक्युमेंट.ऑल आहे का बघून इंटरनेट एक्स्प्लोरर ओळखायची, ती मोडू नयेत म्हणून एचटीएमएलच्या प्रमाणपत्रकातच ही सवलत लिहिली गेली.

कोड तोच, डेटा तोच. मग एरर फक्त जुन्या ब्राउझरमध्ये का?

या प्रश्नापाशी थांबायला हवं, कारण इथे कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सर्वांत साधं कारण: तुम्ही वापरलेली मेथड त्या ब्राउझरमध्ये जन्मालाच आलेली नसते. इंटरनेट एक्स्प्लोरर ८मध्ये ॲरेवर फॉरईच, मॅप, इंडेक्सऑफ नाहीत, ऑब्जेक्ट.कीज नाही, स्ट्रिंगचा ट्रिम नाही, ॲडइव्हेंटलिसनरही नाही, त्याऐवजी अटॅचइव्हेंट आहे. ही ॲरेची आणि ऑब्जेक्टची कामं एक्मास्क्रिप्टच्या डिसेंबर २००९मधल्या पाचव्या आवृत्तीत प्रमाण झाली, आणि तो ब्राउझर त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. अकराव्या आवृत्तीत प्रॉमिस, फेच, ॲरे.फ्रॉम, ऑब्जेक्ट.असाइन, इन्क्लूड्स, स्टार्ट्सविथ, क्लोजेस्ट यांपैकी काही नाही. क्वेरीसिलेक्टरऑलने दिलेल्या यादीवर फॉरईच नसणं तर फार छळतं, कारण ॲरेवर ते असतं आणि दोन्ही याद्या दिसायला सारख्याच.

दुसरं कारण फसवं आहे. मेथड असते, पण इंजिन त्याच मजकुराचा वेगळा अर्थ लावतं. आठव्या आवृत्तीपर्यंत इंटरनेट एक्स्प्लोरर ॲरेच्या शेवटी चुकून राहिलेला स्वल्पविराम एक जादा रिकामी जागा म्हणून मोजत असे. म्हणजे

[पुणे, नाशिक, सातारा,]

या ॲरेची लांबी तिथे ४ भरते. लूप चौथ्या घटकाकडे जातो, तो अनडिफाइन्ड, आणि त्याच्याकडे नाव मागितलं की एरर. दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमध्ये ही एरर दिसत नाही. सातव्या आवृत्तीत स्ट्रिंगचं पहिलं अक्षर चौकटी कंसाने मागितलं तरी अनडिफाइन्ड मिळे, तिथे चारॲट वापरावं लागे.

तिसरं कारण इव्हेंटचं. ऑनक्लिकला फंक्शन जोडलं तर आठवी आवृत्ती त्याला इव्हेंट ऑब्जेक्ट देतच नाही. तो विंडो.इव्हेंटमध्ये ठेवलेला असतो, आणि टार्गेटऐवजी एसआरसीएलिमेंट वाचावं लागतं.

चौथं कारण ऑफिसांमधलं. इंटरनेट एक्स्प्लोरर अंतर्गत नेटवर्कवरची पानं आपोआप कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये उघडतो, म्हणजे सातव्या आवृत्तीसारखा वागतो. मग आठव्या आवृत्तीत असलेला जेसन, म्हणजे मजकुरातून डेटा उलगडणारा ऑब्जेक्ट, तोही अनडिफाइन्ड होतो. ‘आमच्याकडे नवी आवृत्ती आहे तरी चालत नाही’ ही तक्रार ऐकली, की आधी पानाचा डॉक्टाइप आणि एक्स-यूए-कम्पॅटिबल हेडर तपासावा, त्याची किंमत ‘आयई=एज’ असायला हवी. कोडला हात लावायची गरजही पडत नाही.

पाचवं कारण ब्राउझरच्या वयापेक्षा त्याच्या मांडणीचं आहे. ॲन्ड्रॉइड ॲपच्या आत पान दाखवणाऱ्या वेबव्ह्यूत डॉम स्टोरेज मुद्दाम सुरू केलं नाही, तर लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवण, नल असतं. गेटआयटम मागितलं की तीच लाल ओळ. पान मोबाइलच्या क्रोममध्ये नीट चालतं आणि ॲपमध्ये पडतं, तेव्हा पहिला संशय इथे घ्या.

डेव्हलपर टूल्स उघडले की एरर गायब होते, बंद केले की परत येते. हे काय?

इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आणि ९मध्ये टूल्स उघडेपर्यंत कन्सोल हा ऑब्जेक्टच नसतो. कोडमध्ये राहून गेलेला एक कन्सोल.लॉग सगळी स्क्रिप्ट थांबवतो. तपासायला टूल्स उघडता, कन्सोल तयार होतो, दोष दिसेनासा होतो. दहाव्या आवृत्तीत हे सुधारलं. पानाच्या सुरुवातीला विंडो.कन्सोल नसेल तर रिकाम्या लॉग फंक्शनचा ऑब्जेक्ट ठेवून द्या, काम भागतं.

ऑप्शनल चेनिंग वापरलं की हा सगळा प्रश्न मिटतो ना?

ग्राहक?.पत्ता?.शहर

मधली पायरी नसेल तर एररऐवजी अनडिफाइन्ड देणारं हे लेखन सुंदर आहे आणि २०२०च्या प्रमाणपत्रकात ते आलं. क्रोम ८०, फायरफॉक्स ७४ आणि सफारी १३.१ यांनी त्याच वर्षी ते घेतलं. जोडीला ?? हे चिन्हही आलं, जे फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असतानाच पर्यायी किंमत देतं.

पण जुन्या ब्राउझरला ?. ही खूणच समजत नाही. म्हणून तो अनडिफाइन्डची एरर देत नाही, सिंटॅक्सएरर देतो. हा फरक महत्त्वाचा आहे. टाइपएरर त्या ओळीवर आल्यावर फेकली जाते, तोवरचं काम झालेलं असतं. सिंटॅक्सएरर फाइल वाचतानाच येते आणि त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. ट्राय-कॅचही काही करू शकत नाही, कारण तो त्याच फाइलमध्ये असतो. मग दुसरी फाइल, जी पहिल्या फाइलमधल्या ऑब्जेक्टवर अवलंबून होती, ती ‘अमुक अनडिफाइन्ड आहे’ म्हणून ओरडते. तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये तपासण्या लावत बसता, खरा दोष पहिल्या फाइलच्या एका प्रश्नचिन्हात असतो. म्हणून कन्सोलमधली पहिली एरर आधी वाचा. पुढच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

नव्या ब्राउझरला मॉड्यूल आणि जुन्याला नोमॉड्यूल अशा कोडच्या दोन प्रती द्यायची युक्ती इथे अर्धीच कामाला येते. मॉड्यूल समजणारे पण ?. न समजणारे ब्राउझर बरेच आहेत: क्रोम ६१ ते ७९, आणि सफारी १०.१पासून १३.१च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या. आयफोन ५एस आणि ६ आयओएस १२च्या पुढे जात नाहीत, आणि त्यांवर क्रोम टाकला तरी आतलं इंजिन ॲपलचंच वेबकिट असतं. असा फोन ‘मला मॉड्यूल चालतं’ म्हणून नवी प्रत उचलतो आणि तिथेच अडखळतो. मॉड्यूलची प्रतही ?. काढूनच द्यायला हवी.

बेबल लावलं आहे, तरीही एरर का येते?

बेबल हा ट्रान्सपाइलर, तो फक्त नवं लेखन जुन्या पद्धतीत बदलतो. ?. चं तो जुन्या पद्धतीच्या तपासणीत रूपांतर करतो, ॲरो फंक्शनचं साधं फंक्शन करतो. नसलेली मेथड तो तयार करून देत नाही. इन्क्लूड्स हे लेखन म्हणून जुन्या ब्राउझरलाही बरोबरच आहे, ती फक्त एक प्रॉपर्टी आहे, तीही अनडिफाइन्ड. ती पुरवायला पॉलीफिल, म्हणजे नसलेली मेथड भरून काढणारा कोड, लागतं, त्यासाठी कोअर-जेएस वापरतात. पॉलीफिल तुमच्या कोडच्या आधी चालायला हवं. क्रम उलटा झाला तर असून नसल्यासारखं.

आणखी दोन जागा तपासा. कुठल्या ब्राउझरांसाठी कोड उतरवायचा हे सांगणाऱ्या ब्राउझरलिस्टच्या यादीत तुमचा जुना ब्राउझर आहे का? आणि बाहेरच्या लायब्ररी ठेवणारा नोड मॉड्यूल्सचा फोल्डर बेबलमधून वगळला आहे का? बहुतेक मांडण्यांत तो वगळलेला असतो. तुमचा कोड जुन्या पद्धतीत उतरतो आणि कुठल्यातरी लायब्ररीचं ताजं प्रकाशन आपल्या ?. सकट तसंच ग्राहकापर्यंत पोचतं. सगळा कोड एकत्र केलेली अंतिम बंडल फाइल उघडून तिच्यात ?. शोधा, उत्तर लगेच मिळतं.

ट्रान्सपाइल करायची सोय नाही. हाताने कसं लिहावं?

ग्राहक && ग्राहक.पत्ता && ग्राहक.पत्ता.शहर

ही साखळी कुठेही चालते. लांबली की वाचवत नाही, आणि एक धोकाही आहे: वाटेत ० किंवा रिकामी स्ट्रिंग आली तर साखळी तिथेच थांबते आणि तीच किंमत परत देते. उधारी ० असलेल्या ग्राहकाला

ग्राहक.उधारी || ‘माहिती नाही’

असं लिहिलंत तर खरा शून्य पुसला जातो. पैशांच्या आणि मोजमापांच्या जागी || टाळा, == नल वापरा.

एकाच पायरीची भीती असेल तर

(ग्राहक.पत्ता || {}).शहर

हे आटोपशीर. अनेक ठिकाणी लागत असेल तर ऑब्जेक्ट आणि वाटेचा ॲरे घेऊन एकेक पायरी उतरणारं, नल किंवा अनडिफाइन्ड दिसलं की थांबणारं दहाएक ओळींचं फंक्शन लिहा. लोडॅश या लायब्ररीचं गेट हेच करतं.

पण माझं आग्रहाचं म्हणणं वेगळं आहे. सर्व्हरकडून डेटा येतो त्या एकाच जागी तो तपासा आणि पूर्ण आकारात आणा. पत्ता नसेल तर तिथेच रिकामा पत्ता घाला, याद्या नसतील तर रिकामे ॲरे. दाराशीच कोण आलं हे पाहिलं तर प्रत्येक खोलीत पहारेकरी लागत नाही. आतल्या पन्नास जागी तपासण्या पसरल्या की कुठली प्रॉपर्टी खरोखर वैकल्पिक आहे आणि कुठली असायलाच हवी, हे ज्ञान कोडमधून निघून जातं. ग्राहकाचा दुसरा फोन नंबर नसणं रास्त आहे, तिथे ?. शोभतं. बिलाला रक्कम नसणं रास्त नाही. तिथे एरर आलीच पाहिजे, लवकर आणि मोठ्याने.

ब्राउझरचं नाव ओळखून वेगळा कोड चालवला तर?

नको. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ने आपल्या ओळखीच्या स्ट्रिंगमधून एमएसआयई हे अक्षरच काढून टाकलं आणि ‘लाइक गेको’ घातलं; गेको हे फायरफॉक्सचं इंजिन. नाव बघून चालणारा कितीतरी कोड त्याला जुना फायरफॉक्स किंवा भलतंच काही समजला. नाव विचारू नका, क्षमता विचारा: विंडोमध्ये फेच आहे का, एलिमेंटच्या प्रोटोटाइपवर क्लोजेस्ट आहे का. ‘इन’ हा ऑपरेटर त्यासाठी चांगला. हॅजओनप्रॉपर्टी ब्राउझरच्या ऑब्जेक्टवर थेट हाक मारून वापरू नका. आठव्या आवृत्तीत विंडोला ती मेथडच नाही, आणि तपासणीच एरर देते. ती ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपवरून कॉलने चालवा.

व्हॉइड ० असं का लिहितात?

एक्मास्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीच्या आधी अनडिफाइन्ड हे एक साधं ग्लोबल व्हेरिएबल होतं. त्यात कुणीही ५ घालू शकत असे. व्हॉइड ० नेहमीच खरा अनडिफाइन्ड देतो. आज हाताने असं लिहायची गरज नाही. मिनिफायर, म्हणजे कोड आखूड करणारी साधनं, तसं लिहितात, कारण ते आखूड आहे.

सगळं ट्राय-कॅचमध्ये गुंडाळलं तर?

पान पडणार नाही, आणि दोष कायम राहील. ज्या गोष्टी खरोखर बाहेरच्या हातात आहेत तिथे तो वापरा: लोकलस्टोरेजला हात लावताना, कारण कुकीज बंद असतील तर ते वाचणंच एरर फेकतं, किंवा सर्व्हरने पाठवलेला जेसन उलगडताना. कॅचमध्ये काहीतरी करा, निदान नोंद तरी. आणि कॅचपुढचा कंस गाळायची २०१९ची सोय जुन्या ब्राउझरला सिंटॅक्सएरर वाटते, तिथे कंसात नाव लिहाच.

वापरणाऱ्याच्या मशिनवर काय झालं हे कसं कळणार?

विंडो.ऑनएरर इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांतही आहे. संदेश, फाइल आणि ओळ एवढं तरी मिळतं. नव्या ब्राउझरमध्ये स्तंभ आणि खुद्द एरर ऑब्जेक्टही मिळतो, त्यामुळे तो पाचवा पॅरामीटर वाचण्याआधी आहे का ते बघा. नोंद घेणाराच कोड अनडिफाइन्डवर पडला तर हाती काहीच लागत नाही. हा कोड वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, सर्वांत आधी आणि अगदी जुन्या पद्धतीने लिहा, म्हणजे मुख्य फाइलची सिंटॅक्सएररही तो पकडेल.

नोंदीत नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ दिसत असेल तर स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येते आहे. स्क्रिप्टच्या टॅगवर क्रॉसओरिजिन लिहा आणि त्या सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन हेडर द्यावा. प्रॉमिसमध्ये, म्हणजे नंतर पुऱ्या होणाऱ्या कामात, आलेली एरर ऑनएररकडे पोचत नाही, तिच्यासाठी अनहँडल्डरिजेक्शन हा इव्हेंट ऐका.

किती जुन्या ब्राउझरपर्यंत जायचं?

आपल्या नोंदी बघून ठरवा, दुसऱ्याच्या यादीवरून नको. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ११ हे ॲप १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं, पण एजमधला आयई मोड निदान २०२९पर्यंत ठेवायचं जाहीर केलं आहे. विंडोज एक्सपीवर क्रोम ४९ आणि विंडोज ७वर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. १०९ला ?. समजतं, ४९ला नाही. ॲन्ड्रॉइड ५पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून अद्ययावत होतो. ४.४च्या सुरुवातीच्या आवृत्तीत तो क्रोमियम ३०वर अडकलेला आहे, आणि प्रॉमिस आलं ते ३२मध्ये. २०१७ साली जाहीर झालेला जिओफोन कायओएसवर चालतो आणि त्याचं इंजिन गेको ४८ आहे: ॲरो फंक्शन आणि प्रॉमिस आहेत, असिंक-अवेट नाही, ?. नाही.

असा फोन वापरणारा माणूस बहुधा हौसेने तुमच्या पानावर येत नाही. त्याला निकाल बघायचा असतो, अर्ज भरायचा असतो, बसची वेळ हवी असते. म्हणून फॉर्म आधी साध्या एचटीएमएलने सर्व्हरपर्यंत जाईल असा बांधा आणि तपासणी सर्व्हरवरही ठेवा. मग स्क्रिप्ट चढवा: क्षमता असेल तर आपोआप भरणारी शहरांची यादी, नसेल तर साधी लिहायची चौकट. स्क्रिप्ट कुठल्याही अनडिफाइन्डवर पडली तरी ‘सबमिट’चं बटण दाबता येईल, आणि अर्ज जाईल.